डावा हाफ

अकरा मोसम गोदीच्या संघात डावा हाफ.
गोल किती मारलेस, नातू विचारतो.
दोन, मी सांगतो.
त्यातला एक आपल्याच जाळ्यात,
हे फक्त त्याच्या आजीला ठाऊक.
ती मेथी निवडता निवडता हसते.

हाफ म्हणजे काय, कसं सांगू पोराला.
बचाव फळी घाबरली की तुझ्याकडे बघते,
आघाडी उपाशी राहिली की तुझ्याकडे बघते,
आणि दोघी बरोबर एकाच वेळी बघतात.
अडकित्त्यातल्या सुपारीला विचार,
ती कुठल्या पात्याची.

नोकरीही तसलीच होती. टॅली क्लार्क.
जहाजातून जाळीत, जाळीतून शेडमध्ये
पोती माझ्या समोरून जायची,
चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी.
खजूर, सोडा, कधी गंधक.
एक पोतं उचललं नाही आयुष्यात,
एक हरवू दिलं नाही.

कूपरेजवर डिसेंबरपर्यंत
माझ्या जागेवरचं गवत गेलेलं असायचं.
तिथली तांबडी माती
सरोज दोनदा घासून काढायची मोज्यांतून
आणि तिसऱ्यांदा नाद सोडायची.

पुढे बॉस्को लोबो. माझगावचा, पिंडऱ्या लाकडाच्या.
त्याची पाठ मला पाठ होती:
डावा खांदा खाली गेला म्हणजे तो उजवीकडे पळणार,
मान ताठ झाली म्हणजे दमलाय, आता पायात द्या.
तो कधी मागे वळून बघायचा नाही.
बघायचं कशाला?
मागून मी ओरडायचो,
माणूस! म्हणजे अंगावर कुणीतरी आलंय, सोड.
टाइम आहे! म्हणजे कुणी नाही, वळ.
एवढ्या दोन शब्दांत
आम्ही अकरा वर्षं बोललो.

गोल झाला की सगळे त्याच्या अंगावर.
मी तोवर वळून माझ्या जागेकडे चालू लागलेला.
कुणीतरी असायला हवं ना तिथे.
किंवा मला मिठ्या मारणं जमायचं नाही.
दोन्ही खरं.
दुसऱ्या दिवशी पेपरात लोबोचा गोल,
आणि फोटोच्या कडेला एक खांदा,
तो माझा की नूरुद्दीनचा
यावर घरात अजून वाद आहे.

परवा गेलो होतो माझगावला.
ऑरेलियाने दार उघडलं, म्हणाली,
जगन, त्याला हल्ली कुणी ओळखू येत नाही,
मनाला लावून घेऊ नकोस.
मी त्याच्या समोर बसलो. नाव सांगितलं.
गोदी सांगितली, नूरुद्दीन सांगितला,
फायनलचा तो गोल सांगितला, पायाने करूनही दाखवला.
तो माझ्या चष्म्याकडे बघत राहिला,
जसा एखादा चुकीच्या मजल्यावर
उतरलेला माणूस पाटीकडे बघतो.

बरोबरच होतं त्याचं.
माझं तोंड त्याने कधी पाहिलं होतं?

संध्याकाळी ती म्हणाली, जरा गल्लीतून फिरवून आण.
चाकाची खुर्ची ढकलत मी मागे, तो पुढे.
तीच पाठ. बरीच आटलेली,
पण डावा खांदा अजून खाली.
क्रॉसपाशी पोरं टेनिसच्या बॉलने खेळत होती,
बॉल घरंगळत आला त्याच्या पायाजवळ,
थांबला.
पोरं थांबली. आजोबा, बॉल.
मी वाकणार होतो उचलायला.
त्याऐवजी तोंडातून निघून गेलं,
टाइम आहे, बॉस्को.

खुर्चीच्या पायफळीवरून
त्याची उजवी चप्पल सुटली.
अंगठ्याने बॉल जरा आत ओढला,
मान न वळवता
म्हणाला, इतका उशीर का लावलास, साल्या,
आणि ढकलला,
हळू, पण नेमका,
त्या अनवाणी पोराच्या पुढ्यात.

पोरं ओरडली.
मी खुर्चीचा ब्रेक लावला होता की नाही, आठवत नाही.
पाय सवयीने
दोन पावलं मागे आले होते.